उजव्या बाजूचा बोल्ट

बेकरीवाला शेडच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी हातातला पाना आधी खाली ठेवला. उगाच त्याला वाटायला नको की बाई भांडायच्या तयारीतच आहे. दोन वर्षं मी त्याच्या बेकरीच्या रस्त्याला फिरकले नव्हते. पाव घ्यायला तीन चौक ओलांडून जात होते, आणि तिथला पाव म्हणजे त्यापेक्षा स्पंज बरा.

त्याचा डावा हात खिशात होता. तो आता कायम खिशातच असतो. डॉक्टरांनी मनगट जोडलं, पण पिठाच्या गोळ्यावर जोर द्यायचा म्हटलं की ते दगा देतं. पूर्वी पहाटे भट्टीसमोर उभा राहणारा माणूस आता काउंटरवर बसून पाव मोजून देतो. आणि हे माझ्या हातून झालं, असं आमच्या अख्ख्या गॅरेज गल्लीला माहीत आहे. त्यालाही. आणि खरं सांगते, त्या दिवसापर्यंत मलाही तसंच माहीत होतं.

“गाडी बाहेर लावलीय,” तो म्हणाला. “बघा.”

“माझ्याकडे आणलीत?”

“चार गॅरेज झाली. मास्तरांकडे तीनदा गेलो, तिन्ही वेळा म्हणाले लिफ्ट मोकळी नाही. मग म्हटलं, ज्याने घाण केली त्यानेच निस्तरावी.”

मास्तर म्हणजे माझा बाप. गल्लीतल्या निम्म्या मेकॅनिकांना त्यांनी हाताला धरून शिकवलं, म्हणून मास्तर. मीसुद्धा गॅरेजमध्ये त्यांना मास्तरच म्हणायचे आणि घरी गेल्यावर बाबा. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला गॅरेजमधून काढलं. तेव्हापासून दोन्ही म्हणायचा प्रसंग आला नाही.

“काय होतं गाडीला?” मी विचारलं. धंद्याचा प्रश्न विचारला की बोलणं सोपं जातं.

“खड्ड्यात पुढून ठकठक वाजतं. टायर आतल्या कडेने खाल्ले जातात. आणि ब्रेक मारला की गाडी आपल्या मनाने जाते.”

“डावीकडे?”

“अपघाताच्या वेळी डावीकडे गेली होती. आता उजवीकडे जाते.” तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. “तेवढाच बदल.”

त्याने किल्ली टेबलावर टाकली आणि निघून गेला. चहा विचारायचा मला धीर झाला नाही.

गाडी तीच. पांढरी, छोटी, चार बोटं खाली बसवलेली. कारखान्यातून निघालेली गाडी आणखी खाली बसवायचं खूळ तेव्हा नवीन होतं. आखूड स्प्रिंग टाकायच्या, की गाडी जमिनीला चिकटल्यासारखी दिसते आणि वळणावर झुकत नाही. मास्तरांना हे अजिबात पसंत नव्हतं. “चांगल्या गाडीचे गुडघे तोडायचे धंदे,” असं ते म्हणायचे. पण अशा गाड्या घेऊन लोक माझ्याकडेच यायचे, गॅरेजला काम मिळायचं, म्हणून ते नाक मुरडून गप्प बसायचे. बेकरीवाल्याच्या गाडीचं काम मी केलं होतं. स्प्रिंग मी टाकल्या, चाकाला धरून ठेवणारे खालचे दोन आर्म काढून त्यांचे रबरी बुश मी बदलले.

आता हे बुश प्रकरण जरा सांगते, कारण सगळी भानगड त्यातच आहे. आर्म जिथे गाडीच्या सांगाड्याला जोडतात तिथे एक जाड रबर असतं. त्यातून बोल्ट जातो. तो बोल्ट आवळताना रबर ज्या स्थितीत असतं, त्याच स्थितीत ते जखडलं जातं. म्हणून गाडीचं वजन चाकांवर असतानाच तो आवळायचा. गाडी लिफ्टवर टांगलेली, चाकं हवेत लोंबतायत, अशा वेळी आवळला, तर गाडी खाली आली की रबर जन्मभर पिळलेलंच राहतं आणि शेवटी फाटतं. बसक्या गाडीत तर पीळ आणखी जास्त, म्हणजे फाटायला वेळच लागत नाही. एकदा फाटलं की ब्रेक मारल्यावर चाक मागे सरकतं आणि गाडी भरकटते. “चाकं जमिनीवर, मग बोल्ट.” मास्तरांनी हे वाक्य माझ्या कानात इतक्यांदा ओतलं होतं की मला ते झोपेतही म्हणता आलं असतं.

मी तसंच केलं होतं. चाकांखाली चार लाकडी ठोकळे दिले, गाडी त्यांच्यावर उभी केली, पाठीवर सरपटत खाली गेले आणि बोल्ट आवळले. निदान मला तसं आठवत होतं.

आमच्या गॅरेजचा आणखी एक रिवाज होता. दुसऱ्याने आवळलेल्या बोल्टवर मास्तरांचा विश्वास नसायचा. संध्याकाळी सगळे गेले की ते एकटे फिरायचे. प्रत्येक गाडीचा मोठा बोल्ट जरासा सैल करून पुन्हा स्वतःच्या हाताने आवळायचे, आणि नटावरून बोल्टच्या टोकापर्यंत पिवळ्या रंगाची एक आडवी रेघ ओढायचे. पिवळी रेघ म्हणजे मास्तरांनी बघितलंय. रेघ असल्याशिवाय गाडी बाहेर जायची नाही. रंगाची ती छोटी बाटली त्यांच्या वरच्या खिशात असायची आणि आईने त्यांचे पिवळे डाग पडलेले कितीतरी शर्ट धुतले असतील.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या कामानंतर बेकरीवाला दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी न्यायला आला तेव्हा घाईत होता. बसक्या गाडीखाली वाकून काही दिसत नाही, रेघ बघायची तर पुन्हा ठोकळ्यांवर चढवावी लागली असती. काल संध्याकाळी मास्तरांनी बघितलं असणारच, असं धरून मी किल्ली दिली. ही माझी चूक. ती मी कधीच नाकारली नाही.

दीड महिन्यानं त्याच्या पुढ्यात एक हातगाडी आडवी आली. त्याने ब्रेक मारला, गाडी डावीकडे गेली आणि विजेच्या खांबाला आदळली. गाडी ओढून आमच्याच गॅरेजमध्ये आणली. रात्रभर ती तिथेच होती. सकाळी गल्ली जमली. मास्तरांनी गाडी लिफ्टवर घेतली, डाव्या बाजूला बॅटरीचा उजेड धरला आणि सगळ्यांना बोलावलं.

“बघा. रबर पिळून फाटलंय. हवेत आवळलाय हा बोल्ट,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “आणि माझी रेघ कुठेय?”

रेघ नव्हती.

“या गाडीला माझा हातच लागला नव्हता. किल्ली देताना रेघ बघितलीस?”

“नाही,” मी म्हटलं.

एवढं एकच खरं उत्तर माझ्याकडे होतं आणि तेच माझ्या गळ्यात आलं. मी ठोकळे लावले होते, असं मी एकदा म्हणून पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, “मग हे रबर काय खोटं बोलतंय?” आणि मी माझ्या हातांकडे बघत बसले. वर्षाला शंभर गाड्या हातांखालून जातात. या गाडीचे ठोकळे मला आठवतायत की दुसऱ्याच कुठल्या गाडीचे, कोणास ठाऊक.

त्याच आठवड्यात ते मला बेकरीत घेऊन गेले. शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, “सांग त्यांना.” काउंटरवर पावांच्या लाद्या, पलीकडे हाताला प्लास्टर घातलेला तो माणूस. मी म्हटलं, माझ्या हातून झालं, माफ करा. तो चांगल्या हाताने लाद्या सरळ करत राहिला. बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, “उद्यापासून येऊ नकोस. लोकांच्या जिवाशी खेळ आहे हा.” मी गेले नाही. मामाच्या बंद पडलेल्या गोदामात ही शेड उघडली. तेव्हापासून एकेक बोल्ट मी तीन-तीनदा तपासते. माझ्या खोलीवर परतले तरी रात्री मधूनच उठून शेडमध्ये जाऊन बघून येते. लोकांना वाटतं, काय नेटकी बाई आहे. नेटकी कसली, माझा माझ्याच हातांवर भरवसा उरला नव्हता.

असो. ती गाडी आता माझ्या दारात उभी होती.

मी आधी एक फेरी मारून आले. खड्ड्यात हळू घातली की पुढून ठक. ब्रेक मारला की नाक उजवीकडे. त्याचं म्हणणं खरं होतं. मग परत आणून पहिल्यांदा बसक्या गाडीचे नेहमीचे आजार बघितले. शॉकअपच्या दांड्यावरचा रबरी ठोकळा कापून आखूड केला नाही तर गाडी त्याच्यावरच बसते आणि खड्ड्याखड्ड्याला आदळते. तो मी तेव्हा कापलेला होता, अजून शाबूत होता. चाकं आत किती झुकलीयत ते मोजलं. जरा जास्त होती, पण टायर इतका खाण्याएवढी नव्हती. स्टिअरिंगचे सांधे हलवून बघितले, घट्ट होते.

मग लिफ्टवर घेतली. डावी बाजू नव्या सामानाने नुसती नटली होती. नवा आर्म, नवा बुश, नवा शॉकअप, नवं बेअरिंग. चार गॅरेजवाल्यांनी मिळून डावीकडे जे जे बदलता येतं ते सगळं बदललं होतं, कारण गाडी डावीकडे आदळली होती. उजवीकडे कोणी ढुंकून बघितलं नव्हतं. शहाणे सगळे. माणसाच्या डाव्या पायाला लागलं म्हणून हे उजवा पाय कधीच तपासणार नाहीत.

मी उजव्या आर्मच्या मागे टॉमी, म्हणजे छोटी पहार, घातली आणि रेटली. आर्म अंगठ्याएवढा मागे सरकला.

प्लास्टिकचं कव्हर काढलं, बॅटरी धरली. रबर पिळून फाटलेलं. डाव्या बाजूला दोन वर्षांपूर्वी जसं दिसलं होतं, हुबेहूब तसंच. मी तिथेच खालच्या खोक्यावर बसले. म्हणजे एक नाही, दोन्ही बोल्ट मी हवेत आवळले होते. उरलीसुरली शंकाही गेली. गेली दोन वर्षं मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात मी एक आशा जपून ठेवली होती की माझ्या हातून झालं नसेल, ती त्या फाटक्या रबराने संपवली. रडू आलं नाही, पण बराच वेळ हातात काही धरावंसं वाटेना.

पण काम काम असतं. बुश बदलायचा तर बोल्ट काढायला हवा, आणि बोल्ट काढायचा तर नटावरचा चिखल आधी खरवडायला हवा. तो दोन वर्षांचा वाळून दगड झाला होता. मी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने एक खपली उडवली आणि आतून पिवळं दिसलं.

मी हाताने पुसलं. मग फडक्याने पुसलं. नटावरून बोल्टच्या टोकापर्यंत, आडवी, डावीकडून उजवीकडे जाताना शेवटी जराशी वर वळलेली पिवळी रेघ. मास्तरांचा हात तसाच वळतो. सहीसुद्धा ते तशीच करतात.

त्या रेघेला मधे कुठेही तडा नव्हता. म्हणजे ओढल्यापासून तो नट कुणी हलवलाच नव्हता. तो बोल्ट आवळणारा शेवटचा हात माझा नव्हता.

आणि मग एकेक गोष्ट डोक्यात येऊन बसायला लागली. किल्ली दिली त्या सकाळी गाडीचं नाक मी बसवलं होतं त्यापेक्षा बोटभर वर दिसलं होतं. मला वाटलं, नव्या स्प्रिंग आहेत, बसतील. स्प्रिंग कसल्या, जखडलेलं रबर गाडीला वर उचलून धरत होतं. संध्याकाळी मी आवळलेले बोल्ट कुणीतरी गाडी लिफ्टवर टांगून पुन्हा सैल करून आवळले होते. माझ्या डोक्यात ते कसं आलं नाही? कारण मास्तर असं करतील हे डोक्यात यायला जागाच नव्हती.

पण मग डावीकडे रेघ का नव्हती?

डावीकडचा जुना नट तसाच वापरलेला होता, बुश नवा असला तरी. मी तो काढून उजेडात धरला. गंजलेला. वरचा मुलामा गेलेला, आणि गंजाखाली तारेच्या ब्रशचे ओरखडे. नंतरच्या गॅरेजवाल्यांनी घासला असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण मला ती सकाळ आठवली. लिफ्टवर चढवलेली गाडी, सगळं पोट चिखलाने माखलेलं, आणि त्यात तो एकटा नट लख्ख चमकत होता. बॅटरीच्या उजेडात चमकत होता. आम्ही दहा-बाराजण त्याच्याकडे बघत होतो आणि रेघ नाही, रेघ नाही, म्हणत होतो. तो तेवढाच स्वच्छ का, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. गाडी रात्रभर गॅरेजमध्ये होती आणि गॅरेजची किल्ली एकाच माणसाकडे असायची.

मी नट न फिरवता बोल्टचं डोकं ग्राइंडरने कापलं आणि बोल्ट नटाच्या बाजूने ओढून काढला. नट त्याच्यावरच राहू दिला, रेघ मोडू दिली नाही. फडक्यात गुंडाळला आणि संध्याकाळी मास्तरांकडे गेले.

ते बेसिनपाशी हात धूत होते. मला बघून नळ बंद करायला विसरले. म्हातारे दिसत होते. पोट आणखी सुटलं होतं आणि उजव्या गुडघ्याला पट्टा होता. मी फडकं बाकावर उलगडलं. त्यांनी चष्मा लावला, बोल्ट उचलला, दिव्याखाली फिरवून बघितला. फार वेळ बघितला.

“उजव्या बाजूचा,” मी म्हटलं.

“उजवीकडे बघायचं राहूनच गेलं,” ते म्हणाले.

ते असं म्हणाले, अगदी सहज, घरातून निघताना पंखा बंद करायचा राहून गेला असं म्हणावं तसं. मग त्यांना कळलं आपण काय बोललो ते, आणि त्यांनी चष्मा काढला. मी नळ बंद केला.

“का?” मी विचारलं.

ते स्टुलावर बसले. “तुझ्या त्या बसक्या गाडीखाली मला शिरता येईना,” ते म्हणाले. “ठोकळ्यांवर चढवली, आडवा झालो, पोट अडकलं. गुडघा वाकेना. अर्ध्यात अडकून पडलो होतो मी, पोरी. कसाबसा बाहेर आलो. मग म्हटलं, लिफ्टवर घेऊन आवळतो. एकदा काय होतंय.”

“मी आवळले होते की. तसेच ठेवायचे होते.”

“माझा हात लागल्याशिवाय गाडी कधी गेली नाही.”

“मग मला बोलावायचं.”

“आणि काय सांगायचं? की मास्तरांना आता गाडीखाली जाता येत नाही?”

मला हसू आलं. वाईट प्रकारचं हसू. एका माणसाचा हात गेला, माझी दोन वर्षं गेली, कशासाठी, तर यांचं पोट अडकलं हे कुणाला कळू नये म्हणून.

“रेघ पुसलीत तुम्ही,” मी म्हटलं. “रात्री बसून घासलीत. आणि सकाळी मला सगळ्यांसमोर विचारलंत, रेघ कुठेय. बेकरीत नेऊन माफी मागायला लावलीत. मला खरंच वाटत होतं मी केलंय. तुम्हाला कळतंय का, मला खरंच वाटत होतं.”

ते खाली बघत म्हणाले, “तुझं वय होतं. तुला दुसरीकडे काहीतरी उभं करता आलं असतं. मला या वयात काय आलं असतं? गल्ली थुंकली असती तोंडावर. आणि तू निभावलंस ना. माझ्या कानावर येत होतं. चांगलं चाललंय म्हणतात तुझं.”

मी निभावलं म्हणून ते बरोबर होतं. हे त्यांचं गणित. मला हातातलं काहीतरी फेकून मारावंसं वाटलं, पण हातात काही नव्हतं, बोल्ट त्यांच्याकडे होता. मी एवढंच म्हटलं, “त्यांना सांगा. बेकरीवाल्याला. तुमच्या तोंडाने. मला गल्लीशी देणंघेणं नाही. त्या एका माणसाला कळलं पाहिजे की मी केलं नाही.”

त्यांनी बोल्ट पुन्हा फडक्यात गुंडाळला. मग डोळे पुसले. खरंच पुसले, मी बघितलंय.

“उद्या सकाळी जातो,” ते म्हणाले. “हा बोल्ट घेऊनच जातो. दाखवतो त्याला. तू गाडीचं काम पुरं कर.”

आणि मी बोल्ट त्यांच्यापाशी ठेवून आले. फोनवर एक फोटो काढून ठेवावा, हे मला सुचलंसुद्धा नाही. बापाविरुद्ध पुरावा जमवायची सवय नव्हती ना.

त्या रात्री मी दोन वर्षांत पहिल्यांदा शेड बघायला उठले नाही. सकाळी उजवीकडे नवा बुश बसवला, नवा बोल्ट टाकला. डावीकडचा गंजका नटही बदलला, जुना टेबलावरच्या डब्याच्या झाकणात ठेवला. गाडी खाली घेतली, चाकांखाली चार ठोकळे दिले, सरपटत गेले आणि बोल्ट आवळले. एकदाच आवळले. पुन्हा तपासले नाहीत. चाकांचा कोन जुळवला आणि मोकळ्या रस्त्यावर नेऊन जोरात ब्रेक मारला. गाडी सरळ उभी राहिली. मी स्टिअरिंगवरचे हात उचलून पुन्हा मारला. पुन्हा सरळ. मी गाडीत बसून एकटीच हसत होते, कोणी बघितलं असतं तर वेडी म्हटलं असतं.

दुपारी बेकरीवाला आला. सोबत कागदाच्या पिशवीत गरम पाव घेऊन आला होता. ती पिशवी बघून मला खरंच भरून आलं. मी मनात म्हटलं, जाऊन आले म्हणायचे बाबा.

“मास्तर आले होते सकाळी,” तो म्हणाला.

“बोलले?”

“बोलले.” त्याने पिशवी टेबलावर ठेवली. त्याचा आवाज कालच्यापेक्षा मऊ होता. “मला माहीत नव्हतं तुम्हाला एवढं लागलंय ते. काल मी जरा तोडून बोललो.”

“नाही हो, तुमचं काय चुकलं.”

“मास्तर म्हणाले, पोरगी अजून त्यातून बाहेर आलेली नाही. गाडी तिच्याकडे दिलीत, चांगलं केलंत, काम ती मनापासून करेल. पण तुम्हाला काहीतरी सांगेल. बोल्टचं, रंगाचं. माझंसुद्धा नाव घेईल. तेवढं मनावर घेऊ नका म्हणाले. फार रडले हो. म्हणाले, एकुलती एक आहे, तिला सांभाळून घ्या.”

शेडमध्ये पावाचा वास भरला होता. मी विचारलं, “बोल्ट दाखवला त्यांनी तुम्हाला?”

“कसला बोल्ट?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं, सरळ, आवाज न चढवता. उजवा आर्म, चिखल, पिवळी रेघ, तिचं वर वळलेलं टोक, गाडीखाली अडकलेलं पोट. मी जितकं नीट सांगत होते तितका तो जास्त मान हलवत होता, आजाऱ्याच्या उशाशी बसलेले लोक हलवतात तशी. मध्ये एकदा तो म्हणाला, “पण तुम्हीच तर येऊन कबूल केलं होतंत.” आणि शेवटी म्हणाला, “असू दे, ताई. झालं गेलं. माझ्या मनात आता काही नाही.”

याआधी त्याने मला कधी ताई म्हटलं नव्हतं. तो माझ्यावर चिडून होता तेच बरं होतं. निदान चिडलेल्या माणसाशी भांडता तरी येतं.

त्याने उजव्या हाताने किल्ली उचलली, गाडीत बसला, गल्लीच्या टोकाला जाऊन ब्रेक मारून बघितला. सरळ थांबली. त्याने काचेतून हात बाहेर काढून मला दाखवला, छान म्हणून. मग गेला.

पाव तसेच पडून राहिले. संध्याकाळी आईचा फोन आला. ती रोज करते, जेवलीस का विचारते आणि ठेवून देते. त्या दिवशी जरा जास्त बोलली.

“काल येऊन गेलीस म्हणे. बरं केलंस. रात्री कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले ते. आज सकाळी बेकरीत जाऊन पाव पण घेऊन आले. म्हणाले, सगळं मिटलं.”

मी टेबलावरच्या झाकणातून तो डावा नट उचलला. गंजलेला, ओरखडे पडलेला. रंगाचा एक कणही त्यांनी त्यावर ठेवला नव्हता. दुसऱ्या कुणाला त्यात काही दिसलं नसतं, पण ज्याने तो घासला त्याला दिसलं असतं.

“आई,” मी म्हटलं, “त्यांना सांग, डावा नट माझ्याकडे आहे.”

“म्हणजे काय?”

“तू फक्त एवढंच सांग. ते जेवायला बसले की सांग.”